शेजारच्या सीटवरचा ब्रेक

सायकलवाला आडवा आला आणि माझा उजवा पाय आपोआप खाली दाबला गेला. गाडी थांबली, पण माझ्या पायानं नाही, मुलाच्या. तो हसून म्हणाला, "आई, तिथं ब्रेक नसतो." त्याच्या बोलण्यात वाईट काही नव्हतं. तो हसला, सायकलवाला हात दाखवून निघून गेला, गाडी पुढं सरकली. मी मात्र तो पाय उचलून दुसऱ्या पायाच्या मागं लपवला, चोरी करताना पकडलेल्या पोरासारखा. पुढचे दोन-तीन सिग्नल मी रस्ता बघितलाच नाही, पाय बघत बसले. या पायाची चप्पल नेहमी आधी झिजते. चपला शिवणारा एकदा म्हणाला होता, "बाई, तुम्ही एकाच पायानं चालता का?" मी म्हटलं, "चालत नाही, चालवते." तेव्हा किती ऐटीत म्हटलं होतं. आता तोच पाय कुणी फुकट नेमलेल्या नोकरासारखा खाली पडला होता, आणि त्याला अजून कुणी सांगितलं नव्हतं की बाबा, तुझी नोकरी गेली.

आमची धुलाई आहे. हॉटेलांच्या चादरी, दवाखान्याच्या चादरी, टॉवेल, डॉक्टरांचे डगले. लग्न होऊन आले तेव्हा दोन हौद आणि एक इस्त्री होती, आता यंत्रं आहेत आणि काचेची केबिन आहे. केबिनमध्ये मुलगा बसतो. म्हणून मी त्याला शेठ म्हणते, आणि त्याला ते आवडत नाही म्हणून जास्तच म्हणते. आमच्या ह्यांना गाडीची भीती वाटायची, स्टिअरिंग धरलं की हातांना घाम सुटायचा. मग व्हॅन मी शिकले. शाळेत मी दुसरीच्या पुढं गेले नाही, पण रस्त्यावरच्या पाट्या मला कधी नडल्या नाहीत, कारण पाट्या पुढच्या दारांना असतात. मला हे शहर मागच्या दारांनी माहीत आहे. दवाखान्याचं मागचं दार, जिथं खरकट्याचे पिंप असतात. मोठ्या हॉटेलचं मागचं दार, जिथं आचारी उकिडवे बसून विडी ओढतात. तिथं व्हॅन उलटी लावायची, गाठोडी आत, गाठोडी बाहेर. हे होते तोवर शेजारी बसायचे, गुडघ्यांवर हात ठेवून, वाफेनं पांढरी पडलेली बोटं. कितीही गर्दी असो, कुणी कसंही आडवं येवो, ह्यांनी माझ्या शेजारी बसून कधी पाय दाबला नाही. झोपायचे. आणि मागं मळक्या चादरींच्या ढिगावर शेठ झोपायचा, चार वर्षांचा, तोंड उघडं टाकून. दोघांना झोपवून मी गाडी हाकायचे. त्या वेळी मला कुणी विचारलं असतं की तुला झेपतं का, तर मी त्याला गाठोड्यात बांधून हौदात टाकला असता.

व्हॅन गेली ती अशीच एका सकाळी. मी किल्ली घेऊन खाली आले तर तिच्या जागी तेलाचा काळा डाग होता, बस. शेठ केबिनमधून बाहेर आला, हातात पाकीट. म्हणाला, नवी मोठी गाडी येतेय, ड्रायव्हर ठेवलाय, आई तू आता आराम कर. आराम कर हे आमच्या धंद्यात फक्त बिघडलेल्या यंत्राला म्हणतात. तार काढायची आणि कोपऱ्यात ढकलायचं. "तुझी गाडी, तुझेच पैसे," तो म्हणाला, "काहीतरी घे स्वतःला. दागिना घे." मी पाकीट घेतलं आणि काही बोलले नाही. सूनबाईनं इस्त्रीवरून वर बघितलं, कारण मी बोलत नाही म्हणजे काय ते तिला ठाऊक आहे, शेठला नाही. म्हातारी मेल्याचं दुःख नाही, काळ सोकावतो. व्हॅन म्हातारीच होती, तिचा पत्रा सुपारीच्या डब्यासारखा वाजायचा. ती जायचीच होती. पण मला न विचारता गेली. उद्या मलाही असंच पाकिटात घालून कुणाच्या तरी हातात देतील.

तर सायकलवाल्याच्या त्या दिवशी, घराजवळच्या सिग्नलला, आमच्या शेजारी एक गाडी येऊन थांबली. छत नसलेली. म्हणजे होतं, पण मागं घडी करून ठेवलेलं, चादर घडी करतात तसं. निळी, जुनीच, बारकी. चालवणारा टकला माणूस, शेजारच्या सीटवर झाडाची कुंडी, आणि संपलं. त्या गाडीला मागचं असं काही नव्हतंच. मी वरून तिच्या पोटात बघत होते आणि मनात एकच गोष्ट घोळत होती, की हिच्यात मागं बसवायला जागा नाही. शेठच्या गाडीत सूनबाई आली की मला मागं बसवतात. मानानं बसवतात, उशी देतात, खिडकी उघडू का विचारतात. मागं बसलं की माणसाला फक्त दोन डोकी दिसतात आणि ती दोन डोकी आपसात बोलतात. आणि माझ्या व्हॅनमध्येही मागं नेहमी दुसऱ्यांची घाण भरलेली, तिचं वजन मानेवर. ह्या निळ्या गाडीच्या मागं हवा होती. सिग्नल सुटला. टकला माणूस गेला, कुंडीतली पानं हलली. मी शेठला म्हटलं, "ह्या गाड्या केवढ्याला मिळतात रे?" तो म्हणाला, "कुणासाठी?" मी म्हटलं, "जरा विचारलं." तो म्हणाला, "त्या काय गाड्या आहेत आई, खेळणी ती. दोन माणसं बसतात, वरून गळतात. म्हणून तर जुन्या झाल्या की कुणी घेत नाही." हे मला उपयोगाचं होतं. ज्या गाडीत कुटुंब मावत नाही ती स्वस्त मिळते, एवढं मी त्यातून काढून घेतलं.

पाकिटात होतं तेवढ्यातच बसवायचं, वर एक पैसा घालायचा नाही, असं मी ठरवलं होतं. व्हॅनची गाडीच व्हायला पाहिजे होती, तिचं दुसरं काही नाही. पहिल्यांदा गेले गाड्यांच्या दलालाकडे. त्याच्याकडे लाल रंगाची होती, इतकी चकचकीत की माझं तोंड तिच्यात मलाच आवडेना. त्यानं छताचं बटण दाबलं, छत कण्हत वर गेलं. मी आत डोकं घातलं आणि नाक ओढलं. आत कसला तरी गोड वास मारलेला होता, आणि त्या गोड वासाच्या खाली, पदराखाली लपवल्यासारखा, कुबट वास. ओलं कापड बंद जागी पडून राहिल्याचा वास मला झोपेतसुद्धा कळतो, आयुष्य त्याच्याशी भांडण्यात गेलं. पायाखालचा गालिचा दाबला तर बोटं ओली. दलाल म्हणाला, "काल धुतलीय गाडी." मी म्हटलं, "धुतलेल्याचा वास मला शिकवू नका. ही गाडी धुतलेली नाही, बुडलेली आहे." तो म्हणाला, "आजी, गाडी नाकानं घेत नसतात." मी म्हटलं, "तुम्ही ज्या तोंडानं विकता त्यानं तर अजिबात घेत नसतात," आणि निघाले. असे तीन-चार ठिकाणचे दरवाजे झाले. एकाचं छत अर्ध्यावर अडकलं आणि उतरेचना, तो बिचारा खुर्चीवर चढून ओढत होता, मी खाली उभी राहून त्याची पिशवी धरली होती. रोज दुपारी मी कुठं जाते हे घरी कुणी विचारलं नाही. सूनबाईनं फक्त एकदा विचारलं, "आई, आज कुठल्या रंगाची?" हिला कोण सांगतं कुणास ठाऊक. मी म्हटलं, "हिरवी. पण दात पडलेत तिचे." ती म्हणाली, "मग नको." आणि इस्त्री फिरवत राहिली.

शेवटची गाडी एका चष्म्याच्या दुकानदाराची. दुकानाच्या मागच्या बोळात, म्हणजे पुन्हा मागच्या दाराशीच. मी बरोबर मिस्त्रीला नेलं होतं. हा माझ्या व्हॅनचा मिस्त्री, आमच्याइतकाच म्हातारा. तो किंमत सांगायच्या आधी खोकतो, खोकला लांबला की समजायचं खर्च मोठा आहे. गाडी करड्या रंगाची होती, उन्हानं थोडी विटलेली, इस्त्री नसलेल्या सदऱ्यासारखी. छत काळ्या जाड कापडाचं, त्यावर बुरशीचे बारीक ठिपके, मागच्या खिडकीचं प्लास्टिक पिवळं पडलेलं. पण वास घेतला तर वरवरचा होता, आत शिरलेला नव्हता. गालिचा कोरडा. मिस्त्री गाडीखाली गेला आणि दारांखालच्या पत्र्यावर मुठीनं टकटक करत राहिला, डॉक्टर छातीवर करतात तसं. छताच्या कडेला पाणी निघायची बारीक भोकं असतात, त्यातून त्यानं तारेनं सुकलेली पानं काढली. दुकानदार मला म्हणाला, "नातवासाठी बघताय का आजी?"

"नात आहे. ती सायकलवर आहे."

"मग मुलगा चालवणार?"

"मुलाला मागं गाठोडी लागतात. मी चालवणार."

त्यानं माझ्या पायांकडे बघितलं, मग माझ्या चष्म्याकडे, धंद्याची सवय. "तुम्ही का विकताय?" मी विचारलं. तो म्हणाला, पाठ. आत बसता येतं, बाहेर येता येत नाही. गेल्या महिन्यात गिऱ्हाइकानं दोन्ही हात धरून ओढून काढलं. "बायको म्हणते, एक तर गाडी ठेवा नाहीतर अब्रू." मी आत बसायला गेले तर बसतच गेले, खाली खाली, वाटलं आता ढुंगण रस्त्याला टेकतंय. व्हॅनमध्ये मी सगळ्यांच्या वर बसायचे. इथून माणसांचे फक्त गुडघे दिसत होते. बोळातून बाहेर काढली, एक चक्कर मारली. क्लच हलका होता, गिअर लोण्यातून फिरवल्यासारखा पडत होता, आणि वर काही नव्हतं. इमारतींच्या गच्च्या दिसत होत्या. ज्या रस्त्यानं मी इतकी वर्षं गेले त्याला वरचा मजला आहे हे मला कळलं, तिथं कुणाची तरी वाळत घातलेली चादर, नीट न पिळलेली. परत आले तेव्हा मिस्त्री उभा होता. मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. तो खोकला, पण बारीक. "घ्या बाई," म्हणाला, "इंजिन तुमच्यापेक्षा तरुण आहे." दुकानदारानं थोडं ताणलं, मी थोडं सोडलं, पाकीट जसं होतं तसं त्याच्या टेबलावर ठेवलं. गाडीतून उतरताना, नशीब, मला कुणाला ओढावं लागलं नव्हतं.

गाडी आवारात आणून मी तेलाच्या त्या डागावरच उभी केली. शेठ केबिनमधून बाहेर आला. गाडीभोवती एक फेरी मारली, छताला बोट लावलं, बोट बघितलं. मला वाटलं आता बोलेल, आणि माझ्याकडे उत्तरं तयार होती, रोज दुपारी घासून ठेवलेली. पण तो एवढंच म्हणाला, "तुझ्या लायसन्सची मुदत संपत आलीय. डोळे तपासावे लागतील. तिथं नाही म्हणाले तर?" मी म्हटलं, "तर मग तुझ्या गाडीत मागं बसेन, उशी घेऊन." तो आत गेला. ही जागा बरोबर दुखणारी होती. साल्यानं पैसे नाही काढले, वय नाही काढलं, डोळे काढले. त्या आठवड्यात मी पाट्या वाचत फिरले. दुकानांच्या, बसच्या, औषधांच्या बाटल्यांवरच्या बारीक अक्षरांच्या. दुसरीत सोडलेली अक्षरं सगळी जागेवर होती, पण कडा विटल्यासारख्या. कधी एका डोळ्यानं, कधी दुसऱ्यानं. इतक्या वर्षांत मी कुणासमोर परीक्षेला बसले नव्हते, आणि आता बसायचं तर ज्यात नापास झाले की आयुष्यभर दुसऱ्याच्या शेजारी, नाहीतर मागं. छताचे बुरशीचे ठिपके मी रविवारी काढणार होते, थंड पाण्यानं, मऊ ब्रशनं, हातानं. तोवर शेठ त्या गाडीजवळून जाताना नाक उडवायचा. त्याचं नाकही माझंच आहे.

इथं आमच्या घराची एक गोष्ट सांगितली पाहिजे. आमच्याकडे माफी कुणी मागत नाही. ते शब्द आमच्या तोंडात बसत नाहीत. आमच्याकडे धुऊन देतात. ह्यांच्याशी माझं भांडण झालं की दोन दिवस आवारात वाफेशिवाय कशाचा आवाज नसायचा, आणि तिसऱ्या दिवशी व्हॅनच्या सीटवर माझा जुना लोकरी स्वेटर सापडायचा, धुतलेला, घडीवर घडी, बाह्या पाठीमागं दुमडून, दुकानातल्यासारखा. तो घातला की भांडण मिटलं. सूनबाईनं पहिल्या वर्षी माझ्याशी अबोला धरला तेव्हा तिची शाल मी धुऊन ठेवली. ती हुशार, तिनं त्याच दिवशी माझे पडदे धुवायला काढले. शेठनं मात्र कधी माझं काही धुतलं नव्हतं. त्याचं माझ्याशी कधी भांडणच झालं नाही, तो हसून म्हणतो आणि करून मोकळा होतो.

डोळ्यांच्या डॉक्टरकडे सूनबाई घेऊन गेली. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, थंड बोटांच्या. पाटीवरची अक्षरं मी मोठ्यानं वाचली, अगदी गुरुजी समोर असल्यासारखी, शेवटच्या ओळीला मात्र थांबले. त्या म्हणाल्या, "सांगा, जे दिसतं ते." मी म्हटलं, "जे दिसतं ते सांगितलं असतं तर घरात कुणी टिकलं नसतं." त्या हसल्या. मग थेंब घातले, दिवा मारला, डोळ्यांत खोल बघितलं, कुणी माझ्या डोळ्यांत इतका वेळ बघितल्याचं मला आठवेना. शेवटी म्हणाल्या, चष्म्याचा नंबर बदला, रात्री चालवू नका, दिवसा हरकत नाही. आणि सही केली. मी तो कागद पिशवीत ठेवला आणि बाहेर आले तर सगळं जग थेंबांनी पांढरं झालेलं, ऊन सांडलेलं, सूनबाईचा चेहरा पिठासारखा. तिनं माझा हात धरला. त्या वेळी मी धरू दिला.

आवारात आलो तेव्हा मला गाडीच्या जागी काहीतरी सांगाडा दिसला. वाकलेल्या लोखंडी पट्ट्या, मध्ये आकाश. मला वाटलं थेंबांमुळं. डोळे पुसले, पुन्हा बघितलं. सूनबाई थांबली आणि म्हणाली, "अगं बाई." मिस्त्री बाजूला उभा होता आणि खोकत होता, आणि खोकला थांबत नव्हता. शेठ मोठ्या यंत्रापाशी होता. बाह्या वर केलेल्या, कपाळावर वाफेचं पाणी, लहानपणी हौदाशी उभा राहायचा तसा. त्याच्या हातात एक काळं काहीतरी होतं. जवळ गेले तेव्हा दिसलं, माझं छत. छतच, पण लहान पोराच्या झबल्याएवढं झालेलं, कडांना चुण्या, आतला रबराचा थर सुटून फोडासारखा फुगलेला, खिडकीचं प्लास्टिक दुधासारखं पांढरं. तो ते दोन्ही हातांत धरून उभा होता, बाळंतिणीच्या खोलीतून बाहेर आलेल्या बापासारखा.

"वास येत होता त्याला," तो म्हणाला. "म्हटलं, तू येईपर्यंत स्वच्छ करून ठेवावं. मिस्त्रीकडून काढून घेतलं."

"मी सांगत होतो बाई—" मिस्त्री म्हणाला आणि खोकल्यात बुडाला.

"कुठल्या पाण्यात घातलंस?"

"गरम."

"किती गरम?"

त्यानं छत जरा खाली धरलं. मग म्हणाला, "दवाखान्याच्या चादरींचं."

माझ्या जिभेवर इतकं होतं की सगळं एकदम दारात येऊन अडकलं. शेठ, तीन पिढ्यांची धुलाई. शेठ, कापूस आटतो हे आपल्याकडच्या मांजरालाही माहीत आहे. शेठ, केबिनमधून बाहेर ये. पण मी त्याच्या हातांकडे बघत होते. सोड्यानं लाल झालेले, बोटं पांढरी पडलेली, थेट ह्यांची बोटं. त्यानं ते छत यंत्रातून काढल्यावर घडी घालायचाही प्रयत्न केला होता, एक कोपरा दुमडलेला होता, नीट, कडेला कड लावून. एवढ्या आटलेल्या, फुगलेल्या चिंधीची घडी. मला माझा लोकरी स्वेटर आठवला. मग मला कळलं की ह्याला व्हॅनबद्दल काय म्हणायचं होतं, आणि त्यानं ते किती उकळत्या पाण्यात म्हटलं होतं. सूनबाईला तेवढ्यात हसू फुटलं. ती तोंडावर पदर धरून आत पळाली. मी छत त्याच्या हातातून घेतलं, उरलेली घडी घातली आणि इस्त्रीच्या टेबलावर ठेवलं. म्हटलं, "डाग मात्र निघालेत." एवढंच बोलले. अजून जास्त बोलले असते तर माझा आवाज आटला असता.

रविवारी यंत्रं बंद असतात. सकाळी आभाळ भरून आलेलं, पण उजेड स्वच्छ. मी नवा चष्मा लावला, स्वेटर घातला, गाडीत बसले, म्हणजे खाली खाली गेले. शेठ दात घासत बाहेर आला. मी म्हटलं, "बस."

"मी?"

"दुसरी सीट तुझीच आहे. मागं जागा असती तर तिथं बसवलं असतं."

तो चूळ भरून आला, उंच माणूस, गुडघे छातीशी आले. "ढग आलेत आई. छप्पर नाही."

"मग भिजू. वाळवायचं कसं ते आपल्याला येतं. फक्त गरम पाणी मला द्यायचं नाही."

तो हसला, पण नेहमीचं हसला नाही. आम्ही आवाराबाहेर पडलो. मी मुद्दाम मोठ्या हॉटेलच्या पुढच्या बाजूनं गेले. इतकी वर्षं त्याच्या चादरी धुतल्या, पुढून कधी बघितलं नव्हतं. पुढून ते मला वाटलं होतं त्यापेक्षा बारकं निघालं, दारात एक दरवान जांभई देत होता. वारा कानांत शिरत होता. शेठ गुडघ्यांवर हात ठेवून बसला होता आणि वर बघत होता, गच्च्यांकडे. "ती चादर बघ," तो म्हणाला, "पिळलेली नाही." मी म्हटलं, "रोजच असते ती तशी." चौकाआधी डावीकडच्या गल्लीतून एक सायकलवाला निघाला. मला तो आधीच दिसला होता, कागदावर डॉक्टरीणबाईंची सही आहे तशी. वेळ होता, अंतर होतं, पाय उचलायचीसुद्धा गरज नव्हती, सायकलवाला आपोआप निघून गेला असता. पण शेजारी शेठचा पाय खाली गेला. जोरात, टाचेसकट, गालिच्यात रुतून. मी समोरच बघत होते, पण मला दिसलं. तोंडाशी वाक्य आलं होतं, त्याचंच, जसंच्या तसं, धुतलेलं आणि घडी घातलेलं.

मी ते बोलले नाही. माझा पाय मी हळूच ब्रेकवर ठेवला आणि गाडी मंद केली, अगदी त्याच्या पायाबरोबर. सायकलवाला गेला. शेठनं श्वास सोडला, पाठ टेकली. त्याला वाटलं असेल, ब्रेक लागला.